तोरब्योर्गपासून लपवलेली चीर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी स्की आहे. खरं सांगायचं तर आता अर्धीच उरले आहे. नॉर्वेतल्या हेग्दाल खोऱ्यात, स्की मंडळाच्या खोपटात, मागच्या भिंतीला टेकून मी उभी असते.

माझा जन्म बर्चच्या लाकडातून झाला. सुताराने मला वाफेवर वाकवलं, तळाला गरम डांबर पाजलं आणि माझ्या जुळ्या बहिणीच्या पोटाला पोट लावून बांधलं. ती उजवी, मी डावी. वीस हिवाळे आम्ही नवशिक्यांच्या बुटांखाली काढले.

नवशिक्यांना शिकवायची तोरब्योर्ग. पूर्वी ती याच खोऱ्यात स्कीवरून टपाल वाटत असे. दर रविवारी निघण्यापूर्वी ती प्रत्येक स्की गुडघ्यावर वाकवायची आणि कान लावून ऐकायची. आतून दुखावलेलं लाकूड वाकवलं की कुरकुरतं. "ही ठणठणीत आहे," असं ती माझ्याबद्दल म्हणाली की मला फार बरं वाटायचं.

मग प्लॅस्टिकच्या स्की आल्या. रंगीत आणि हलक्या. कुरकुरणाऱ्या लाकडी स्की एकेक करून खोपटातल्या शेगडीत जाऊ लागल्या. त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, एका जाडजूड माणसाने मला दगडावरून नेलं आणि बुटाच्या पकडीखाली मला केसाएवढी चीर गेली.

पुढच्या रविवारी तोरब्योर्गने मला गुडघ्यावर घेतलं. मला शेगडी दिसत होती. मी अंगातली शीर न् शीर आवळून धरली आणि गप्प राहिले.

"ठणठणीत," ती म्हणाली.

मला आनंद झाला. मित्रांनो, आज त्या आनंदाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एकदा नव्हे, पाच रविवार मी तिला फसवलं.

ते पाचही रविवार माझ्यावर बोदिल उभी होती. ती शाळेत स्वयंपाकीण होती आणि समुद्रातल्या एका बेटावरून लग्न होऊन इथे आली होती. तिच्या बेटावर पाऊसच फार, बर्फ टिकतच नाही. इथे तर पोरं नीट चालायच्या आधी स्कीवर उभी राहतात. म्हणून पंधरा वर्षं शाळेच्या सहलीत ती "कोको कोण बघणार?" म्हणत चुलीपाशी थांबली होती. आपल्याला स्की येत नाही, हे तिने नवऱ्याखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं.

"आधी पडून दाखवा," पहिल्या दिवशी तोरब्योर्ग म्हणाली.

"ते मला न शिकवता येतं," बोदिल म्हणाली आणि लगेच पडली.

"याला पडणं म्हणत नाहीत गं, बटाट्याचं पोतं टाकलं म्हणतात," गटातला औषधवाला आयलर्ट हसला.

"आणि तू मघाशी त्या झुडपात शिरून काय बोलत होतास एवढा वेळ?" बोदिलने विचारलं.

सगळे हसले. आयलर्टच्या टोपीत अजून काटक्या होत्या.

तोरब्योर्गने त्यांच्या काठ्या काढून घेतल्या. "सगळा भार एका पायावर. घसरू दे. ते थांबलं की मग दुसरा पाय. घाई कसली? टपाल वाटायचंय का तुला?"

चौथ्या रविवारी बोदिलला ते जमलं. मी तिच्या पायाखाली लांबवर सरकत गेले आणि ती ओरडली, "घसरले! बघितलंत का? मी घसरले!" तेव्हा तरी मी कुरकुरायला हवं होतं.

पाचव्या रविवारी गट तळ्यापलीकडे गेला. उन्हात बसून सगळ्यांनी संत्री खाल्ली. परतताना उतार लागला.

"टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकव," खालून तोरब्योर्गने सांगितलं.

बोदिलने अगदी तसंच केलं. पण उतारावर वेग आवरताना सगळा भार स्कीच्या आतल्या कडेवर येतो. मी शिरा आवळल्या, जेवढं बळ होतं तेवढं लावलं. तरी काडकन मोडले. बोदिल पडली आणि तिचा पाय तिच्या अंगाखाली सापडला.

तोरब्योर्ग धावत वर आली. बोदिल पांढरीफटक पडली होती. तिने एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

"तुझं काही चुकलं नाही," तोरब्योर्ग म्हणाली. तेव्हा तिच्या हातात मी होते.

उरलेल्या स्की आणि कोट बांधून त्यांनी घसरगाडी केली. आयलर्टने ती रस्त्यापर्यंत ओढली. वाटेत त्याने एकही विनोद केला नाही.

ताजं मोडलेलं लाकूड पांढरं दिसतं, पण मोडलेल्या जागी माझी कड डांबरासारखी काळी होती. चीर जुनी होती, हे तोरब्योर्गला बघताक्षणी कळलं. मंडळाच्या बैठकीत ती म्हणाली, "दोष माझा. माझे कान गेलेत." तिने खोपटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि शिकवणं सोडलं. माझी बहीण धडधाकट होती, पण एकट्या स्कीचा उपयोग काय? ती शेगडीत गेली. मला मात्र तोरब्योर्गने जाळू दिलं नाही. आपली चूक समोर राहावी म्हणून तिने मला इथे उभं केलं.

पुढच्या हिवाळ्यात नवशिक्यांचा गट भरलाच नाही. त्याच्या पुढच्या डिसेंबरात बोदिल तोरब्योर्गला दंडाला धरून खोपटात घेऊन आली.

"माझा पाय जुळला. तू अजून किती दिवस लंगडणार आहेस?"

"मी ऐकलं होतं गं त्या स्कीला. पाचही वेळा. काहीच ऐकू आलं नाही."

"मग यंदा आपण दोघी ऐकू."

आता त्या दोघी गट नेतात. तोरब्योर्ग स्की वाकवते, ऐकते, आणि मग बोदिलकडे देऊन विचारते, "तुला काही ऐकू येतंय?" तिचे कान आजही शाबूत आहेत. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि मला ते तिला सांगता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणायला हवं. पण माझी काळजी नीट घेतली गेली होती. म्हणून माझी विनंती वेगळी आहे. कुणी मायेने जवळ घेऊन विचारलं, कुठे दुखतंय का, तर खरं सांगा. आपण गप्प राहिलो, तर विचारणारा स्वतःलाच दोष देत बसतो.