पंप कोणी निवडला

चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला मल्लिनाथ आप्पांचं गॅरेज होतं. पुढं खुर्ची टाकून त्यांचा मुलगा रवि बसायचा. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवावं ते त्यानंच. पाना मात्र त्याच्या हातात कधी टिकला नाही. मागच्या शेडमध्ये आप्पांच्या जोडीनं हात काळे करायची ती धाकटी अपेक्षा. बारावीनंतर पुढचं शिक्षण बीडला, म्हणून ते राहिलं, आणि घरात जीव रमेना म्हणून ती इंजिनांत रमली. कुणी बाहेरचं आलं की तिनं शेडमधून हलायचं नाही, एवढा आईचा नियम होता.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात झेडपीतले पुढारी मोहनराव आपल्या वडिलांची जुनी फियाट ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. तेव्हा ज्याला त्याला नव्या गाडीचं वेड लागलेलं. मोहनरावांच्या विरोधकानंही चकचकीत नवी गाडी आणली होती आणि मांजरसुंब्याच्या घाटात तो हॉर्न वाजवत यांच्या जीपच्या पुढं निघून गेला होता.

"आप्पा, माझ्या बापाची गाडी घाटात त्याच्या म्होरं निघाली पायजे. काय बी करा."

आप्पांनी पुण्याच्या भंगार बाजारातून कुठल्याशा छोट्या जपानी गाडीचा ब्लोअर शोधून आणला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, हवा दाबून इंजिनात कोंबणारा. तो फियाटला बसवायला बापलेक उन्हाळाभर खपले. कार्बोरेटरला हवाबंद डबा लागत होता, तो अपेक्षानं स्वतः पत्रा ठोकून बनवला. गाडी सुरू झाली, चढाला लागली की मात्र धाप टाकायची.

"आप्पा, पेट्रोल कमी पडतंय," अपेक्षा म्हणाली. "आत हवेचा दाब वाढला की पेट्रोलला शिरायला जोर पायजे. इंजिनावरचा जुना पंप तितं हात टेकतोय. असंच पळवलं तर पिस्टनला भोक पडंल."

आप्पांनी तीन इलेक्ट्रिक पंप मागवले. अपेक्षानं ते भर उन्हात पाटावर मांडले, दाब मोजायचा काटा लावला आणि प्रत्येकाला तासन्‌तास पेट्रोल ओढायला लावलं. दोन दिसायला देखणे होते. गार असताना जोरात चालायचे, तापले की काटा खाली यायचा. तिसरा जुन्या लष्करी गाडीतला, गंजका, टिकटिक करणारा. त्याचा काटा ढळला नाही. तोच तिनं मागं टाकीजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब बसवला.

परीक्षा घाटात ठरली. पुढाऱ्याच्या गाडीत पोरीनं बसायचं नाही, म्हणून कपिलधारच्या दर्शनाचं निमित्त काढून अपेक्षा आईबरोबर घाटमाथ्यावर जाऊन थांबली. खालून मोहनराव, आप्पा आणि रविला घेऊन फियाट गुरगुरत आली. शेवटच्या वळणावर इंजिनानं श्वास कोंडला नाही की खोकला काढला नाही. अपेक्षानं आईचा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मोहनराव उतरले ते हसतच. "आप्पा, जादू केली की! कुणाचं डोकं हे?"

आप्पांनी एकदा लेकीकडं पाहिलं. मग रविच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोराचं."

रवि हसला. नाही म्हणाला नाही. मोहनरावांनी तिथंच त्याला बीडला स्वतःच्या जागेत गॅरेज काढून द्यायचं कबूल केलं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, रविचं नाव कशाला घेतलं?"

"तुझं घेतलं असतं तर उद्या तुला पदरात कोण घेईल? हात बघ तुझे." आप्पा मान वर न करता जेवत होते. "तुला काय करायचं गं नाव?"

पुढं दिंद्रुडच्या संगमेश्वरचं स्थळ आलं. खताचं दुकान, निर्व्यसनी माणूस. आईनं लिंबू चोळून चोळून तिची नखं पांढरी केली आणि लग्न लागलं.

वर्षभरानं एका दुपारी रवि दिंद्रुडला आला. सासूबाई जानकीबाई समोर होत्या तोवर ख्यालीखुशालीचं बोलला. त्या उठून गेल्यावर खुर्ची पुढं ओढली.

"अपे, घोळ झाला. मोहनराव मागं बसले की म्हणायचे, ही टिकटिक डोकं खाती. म्हणून मी दुसरा पंप बसवला. लई भारी, आवाज न्हाई. परवा मुंबईचे पाहुणे गाडीत, अन् घाटात धूर. पिस्टनला भोक."

"कितव्या?"

"आँ?"

"कितव्या पिस्टनला?"

"ते न्हाई बघितलं."

त्यानं तिचं श्रेय घेतलं तेव्हाही अपेक्षाला इतकं लागलं नव्हतं.

"जुना पंप कुटं हाय?"

"भंगारात घातला." रविनं आवाज खाली आणला. "दोन दिवस बीडला चल. मागच्या बाजूला शेड हाय. कुणाला कळणार बी न्हाई."

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, माझं गॅरेज जाईल."

"जाऊ दे."

तो चहा तसाच टाकून गेला. ती रात्रीपर्यंत चुलीपुढं बसून होती. आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

गॅरेज गेलंच. दिवाळीनंतर आप्पा आले, वाळलेले.

"मी मोहनरावांकडं गेलतो," ते म्हणाले. "खरं सांगितलं. म्हणलं, गाडी माझ्या लेकीनं केलती. पंप तिनं निवडला. रविला त्यातलं काय कळत न्हाई."

अपेक्षाच्या हातातलं सूप थांबलं. "मग?"

"हसले. चार माणसं होती, ती बी हसली. म्हणले, आप्पा, पोराची चूक झाकायला लेकीचा पदर धरता व्हय?"

दुकानातून संगमेश्वर पाणी प्यायला आत आला. त्याच्या कानावर शेवटचं पडलं होतं. तोही हसला, वाईट मनानं नव्हे.

"आप्पा, तुमी पण कायतरीच सांगता लोकांना."

आप्पांनी लेकीकडं पाहिलं. तिनं सांगावं, अशी वाट पाहत होते की सांगू नये अशी, ते तिला कळलं नाही. ती संगमेश्वरला एवढंच म्हणाली, "माठातलं घ्या, गार हाय."

तो गेल्यावर तिनं विचारलं, "गाडीचं काय केलं?"

"विकली. तोडून."

"अन् ब्लोअर?"

"लोखंडाच्या भावात गेला असंल."

अपेक्षानं सुपातले खडे वेचायला घेतले. आप्पा उंबऱ्यावर बसून राहिले, आणि संध्याकाळच्या गाडीनं चौसाळ्याला परत गेले.