वाहिद भिस्त्याची बाटली

वाहिदनं बाटली सदऱ्याला पुसली, उजेडात धरून पाहिली आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या टेबलावर अलगद ठेवली. पाणी इतकं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचा विलायतेचा बादशहा त्यातून मिशांसकट दिसत होता.

मागं उभ्या हिलाल अर्जनविसानं कपाळावर हात मारला. मारणारच की! नंदुरबारच्या तेलगिरणीवरची फिर्याद त्यानंच लिहिली होती, मोहल्ल्यातल्या चाळीस घरांचे अंगठे घेऊन. गिरणी आपलं काळं, तेलकट पाणी ओढ्यात सोडते आणि होळीपासून पोरं हगवणीनं आडवी होताहेत. वाहिदची नात नईमा तर मरता मरता वाचली. ओढ्याचं पाणी भरून आण आणि साहेबांच्या नाकाखाली धर, एवढं त्यानं या भल्या माणसाला दहादा बजावलं होतं.

गिरणीमालकाचा वकील खुशीत आला. त्यानं बाटली अख्ख्या कचेरीला फिरवून दाखवली. फिर्यादीनं स्वतः आणलेलं पाणी हे असं, मग माझ्या अशिलानं घाण केली ती कुठं, असं विचारून तो ऐटीत बसला. लोक हसले. वाहिदचे कान तापले. केस गेली, आता पोरांचं दुखणं तेवढं राहिलं, हे त्यालाही कळलं.

"हे ओढ्याचं पाणी आहे?" साहेबांनी विचारलं.

"नही साहेब. धानोराना रस्तावरनी हिरनं शे." वाहिद मान खाली घालून म्हणाला. "ओढानंबी भरेल व्हतं. पन तीस वरीसफाईन लोकेसले पानी पाजी ऱ्हायनू. तसं पानी तुमनापुढे ठेवाले मन्हा हात उठना नही."

"ओढा घरापासून किती लांब?"

"शंभर पावलं."

"आणि विहीर?"

"दीड कोस. होळीफाईन तठूनच आनस. रोज दोन खेपा."

साहेबांनी वाहिदच्या खांद्याकडे पाहिलं. मशकीच्या पट्ट्यानं तिथं काळा घट्टा पडला होता. मग ते बराच वेळ लिहीत राहिले. वकील उठून उभा राहिला खरा, पण शंभर पावलांवरचं पाणी सोडून हा म्हातारा रोज सहा कोस का चालतो, असं साहेबांनी विचारताच तो पुन्हा खाली बसला.

हुकूम झाला. गिरणीनं महिन्याच्या आत सांडपाण्याचा पक्का हौद बांधावा, ओढ्यात थेंब सोडू नये. हिलालनं भर कचेरीत वाहिदला मिठी मारली.

निघता निघता वाहिद पुन्हा टेबलाशी आला. त्याचा जीव बाटलीत अडकला होता.

"साहेब, ताजं शे. सांजलोंग शिळं व्हई जाई. कोनी तरी पी ल्या."

वैशाखातली भर दुपार होती. कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बादशहाकडे.

संध्याकाळी मुद्देमालाच्या वहीत नोंद झाली: बाटली एक, रिकामी.