वीरप्पांच्या उशाचा तांब्या

मी एक जुना तांब्या आहे आणि माझ्यावर एक खोटा आळ आला होता. मित्रांनो, आळ घेणाऱ्यांचं मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्यांना खरं माहीत नव्हतं. ज्याला खरं माहीत होतं तो समोर बसून गप्प राहिला. वाईट वाटलं ते त्याचं.

माझा जन्म तुळजापुरात एका तांबटाच्या दुकानात झाला. तांबं नुसतं ठोकत राहिलं तर ते कडक होतं आणि तडकतं. म्हणून थोडं ठोकायचं, तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं, असं दोन दिवस चाललं. नागम्माच्या वडिलांनी मला तिच्या रुखवतासाठी घेतलं. तांबटाने माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवली : सौ. नागम्मा वीरप्पा. दोन्ही नावं एका ओळीत बसली, याचा मला पुढे चाळीस वर्षं अभिमान होता.

धाराशिव आणि तुळजापूर यांच्या मधल्या एका गावात आमचं घर आहे. रोज रात्री नागम्मा मला भरून वीरप्पांच्या उशाशी ठेवायची. त्यांचा मुलगा शांतलिंग शाळेत असताना त्याने दुधाच्या मापाने मला मोजलं होतं. काठोकाठ भरल्यावर माझ्यात बाराशे मिलिलिटर पाणी मावतं. सकाळी वीरप्पा उठायचे, ओसरीवर बसून सगळं पाणी प्यायचे, मग आंघोळ करून इष्टलिंगाच्या पूजेला बसायचे. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर नजर लावायची आणि पाऊण तास हलायचं नाही. गावात लोक म्हणायचे, भूकंप झाला तरी वीरप्पा पाटावरून उठायचे नाहीत.

दीड वर्षापूर्वी ते उठू लागले.

पहिल्यांदा उठले तेव्हा नागम्माला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. उठून गेलं की बराच वेळ उभं राहावं लागे. धार बारीक आणि तुटक येई. परत आले की हातपाय धुवायचे, कपाळाला विभूती लावायची आणि पूजा पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दहा मिनिटांत तीच घाई.

"उठावं की मग," नागम्मा म्हणाली. "बसवण्णा काय काठी घेऊन बसलाय व्हय?"

"तुला न्हाय कळायचं," वीरप्पा म्हणाले.

त्यांना काय होतंय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःच एक उपाय शोधला. पाणी आत गेलंच नाही तर बाहेर यायचा प्रश्नच उरत नाही, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब ऐकायला बरोबर वाटतो ना? मलाही वाटला असता. पण पाणी कमी झालं की लघवी दाट होते, ती मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई उलट वाढते. हे मला फार उशिरा कळलं.

एके दिवशी पहाटे वीरप्पांनी मला उचललं, तोंडाला लावलं नाही. मागच्या दारी गेले आणि मोगऱ्याच्या आळ्यात मला पालथं केलं. मग आत येऊन मला चुलीजवळ ठेवून दिलं. नागम्माने मला रिकामं पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

असं एक वर्षभर चाललं. आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. म्हणून नागम्माने मोगऱ्याला पाणी घालणं कधीच सोडलं होतं. तरी त्या उन्हाळ्यात मोगरा असा फुलला की शेजारच्या बाया बघायला आल्या.

"औंदा लई धरलाय गं," नागम्मा त्यांना सांगायची. "थेंब घालीत न्हाय म्या. देवाचीच किरपा." आणि लगेच पुढे, "आमचे मालक बगा, या वयात सकाळी तांब्याभर पानी पित्यात."

मी तिच्या हातात असायचो. मला बोलता येत असतं तर तिथेच सांगितलं असतं. पण भांड्याची साक्ष एकच असते, भरलेलं किंवा रिकामं. आणि मी रोज रिकामा होतो.

गेल्या पौषात वीरप्पांना सर्दी झाली. त्यांनी औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि दोन घेतल्या. दुपारपर्यंत लघवी पूर्ण बंद झाली. ओटीपोट फुगून दगडासारखं झालं. ते आडवे होऊ शकेनात, बसू शकेनात.

"पानी प्या, म्हंजी सुटंल," नागम्मा म्हणाली आणि मला भरून त्यांच्या तोंडाला लावलं. त्या दिवशी, वर्षभरात पहिल्यांदा, वीरप्पा माझ्यातलं सगळं पाणी प्यायले. तासाभरात ते ओरडू लागले. हा तास नागम्मा विसरली नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

शांतलिंगने जीप केली आणि आम्ही धाराशिवला गेलो. मीही होतो, दवाखान्यात पाणी लागतं म्हणून. तिथे लघवीच्या जागेतून एक मऊ नळी घातली. पिशवीत नऊशे मिलिलिटर लघवी जमा झाली, माझ्या गळ्यापर्यंत येईल एवढी. वीरप्पांनी डोळे मिटले आणि घाम पुसला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती सुपारीएवढी एक ग्रंथी प्रत्येक पुरुषाला असते. तिचं नाव प्रोस्टेट. पन्नाशीनंतर बहुतेकांची ती हळूहळू वाढते आणि नळी आवळते. सर्दीच्या काही गोळ्या तिथले स्नायू आणखी आवळतात. वीरप्पांचा मार्ग आधीच अरुंद होता, गोळ्यांनी तो बंद केला. रक्त तपासलं, गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपली, सोनोग्राफी केली. कर्करोगाचं लक्षण नव्हतं.

"लवकर आला असता तर कदाचित नुसत्या गोळीवर भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पाणी किती पिता?"

वीरप्पांनी तोंड उघडायच्या आत नागम्माने मला वर धरलं. "रोज ह्यो तांब्या भरून. एक दिस चुकत न्हाय."

"मग लघवी इतकी गडद कशी?"

वीरप्पा भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांना बाजूच्या खाटेवरून बोलावणं आलं आणि प्रश्न तिथेच राहिला.

आठ दिवस स्नायू सैल करणारी गोळी देऊन नळी काढून पाहिली. लघवी पुन्हा अडली. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. पोटावर कुठेही चीर नाही. लघवीच्याच मार्गाने बारीक दुर्बीण घालून ग्रंथीचा आवळणारा भाग खरवडून काढला. तीन दिवसांनी नळी निघाली. वीरप्पा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा सैल दिसला. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं आणि झोपण्याआधी दोन तास आवरतं घ्यायचं. म्हणजे वीरप्पांनी पाणी बंद करायची कधीच गरज नव्हती. पूजा आटोपल्यावर प्यायलं असतं तरी चाललं असतं.

घरी आल्यावर कळंबहून त्यांची थोरली बहीण इरम्मा भेटायला आली. सगळी हकिगत ऐकून तिची नजर माझ्यावर थांबली.

"ह्येच ते. तांब्यातलं पानी उष्ण असतंय. बारा महिनं पाजल्यावर दुसरं काय हुनार? नागम्मा, तुला कुनी सांगितलं न्हाय व्हय गं?"

"न्हाय वो आक्का," नागम्मा हळूच म्हणाली. "त्या दिवशी बी म्याच पाजलं. तवाच कळ वाढली. माझ्याच हातानं झालं की."

वीरप्पा खाटेवर होते, माझ्यापासून दोन हातांवर. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी पांघरूण नीट केलं आणि डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, मला ठोकलं, तापवलं, चिंच लावून घासलं, तेव्हा कधी दुखलं नाही. त्या दिवशी दुखलं.

शांतलिंगने वडिलांसाठी खुणा असलेली प्लास्टिकची बाटली आणली. नागम्माने मला पोत्यात घातलं, मोडीत द्यायला. पोतं मागच्या दारी मोगऱ्याजवळ ठेवलं. मग तिचं जेवण कमी झालं. सूनबाईंनी विचारलं तर म्हणायची, "भूक न्हाय." ती स्वतःलाच गुन्हेगार धरून बसली होती, आणि तिला सोडवू शकणारा माणूस ओसरीवर बाटलीतून घोट घेत होता.

चैत्र लागला. भांडी मोडीत घेणारी बाई दारात आली. नागम्मा पोतं उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मोगऱ्याची पानं पिवळी होऊन गळाली होती, काड्या उभ्या होत्या. आळ्यात एका जागी खळगा पडला होता. रोज एकाच ठिकाणी धार पडली की पडतो तसा.

तिने मला पोत्यातून काढलं, माझं तोंड त्या खळग्यावर धरून पाहिलं. मग तशीच ओसरीवर आली.

"अहो, मोगरा कशानं वाळला?"

"ऊन लई हाय," वीरप्पा म्हणाले.

"मागल्या साली बी ऊन हुतं."

वीरप्पा बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"एक साल म्या झाडाला पानी भरून देत हुते व्हय?"

"पूजेतनं उठावं लागायचं," वीरप्पा खाली बघत म्हणाले. "तुला काय सांगू? लाज वाटायची."

"लाजंचं म्या समजले असते. तुमचं समदं धुतलंय म्या चाळीस साल." तिचा आवाज चढला नाही. "पर आक्का मला बोलत हुत्या, तवा तुमी हितंच हुता. जागं हुता."

वीरप्पांनी बाटली खाली ठेवली. "व्हय," ते म्हणाले. "जागा हुतो."

नागम्माने भांडीवाल्या बाईला परत पाठवलं. मला चिंच लावून घासलं, भरलं आणि पहिलं पाणी मोगऱ्याला घातलं. मोगरा जगेल की नाही, मला अजून माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी आजोबा मोरीत फार वेळ उभे राहत असतील, सारखे उठत असतील, पाणी टाळत असतील, तर हसू नका. त्यांना विचारा आणि डॉक्टरकडे घेऊन जा. वय झालं की बहुतेकांची ही ग्रंथी वाढते, त्यात कुणाचा दोष नाही. आणि तुम्हीच कधी काही लपवलंत, तर त्याचा आळ दुसऱ्या कुणावर जाऊ देऊ नका. ते दुखणं कोणत्याही दुर्बिणीने काढता येत नाही.

मी आता पुन्हा कामावर आहे. सकाळी पूजा संपली की नागम्मा मला भरून वीरप्पांच्या पुढ्यात ठेवते. ते निमूटपणे पितात. पूर्वी ती मला ठेवून निघून जायची. आता शेवटचा घोट होईपर्यंत उभी राहते, मग मला उचलून मागच्या दारी जाते आणि आळ्यातली माती बोटाने चाचपून पाहते.