मढच्या बंगल्यातला ट्रॅक्टर

गुणाजी साळवे जोगेश्वरीचं गॅरेज सोडून मढला आला तो एका ट्रॅक्टरपायी. बंगला अनिरुद्धचा, शूटिंगला भाड्याने जाणारा. त्याच्या आजोबांनी शेतीसाठी घेतलेला साठ वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये गंजत होता. गुणाजीने आठ महिने खपून तो चालू केला. अनिरुद्धने त्याला राखणदार म्हणून ठेवून घेतलं, शेडशेजारची खोली दिली.

त्याला अकरा वर्षं झाली. दर पावसाळ्याआधी गुणाजी ट्रॅक्टर जणू झोपवायचा. चाकं ठोकळ्यांवर, सायलेन्सरच्या तोंडावर डबा, बॅटरी काढून खोलीत. खाऱ्या हवेने आधीच गंज, म्हणून रेडिएटरचं पाणीही काढून टाकायचा आणि स्टिअरिंगला पाटी बांधायचा: 'पाणी नाही. चालू करू नये.'

यंदा मेअखेरीस हे सगळं उरकून तो लेकीच्या, चेतनाच्या, बाळाच्या बारशाला दोन दिवस गेला. परतला तर ट्रॅक्टर फाटकापाशी आडवा उभा, जळक्या तेलाचा वास सुटलेला. त्याने हँडल लावून सगळा जोर टाकला. इंजिन तसूभर हललं नाही.

"पार्टी होती काका," अनिरुद्ध म्हणाला. "माझ्या मित्राने, विशालने, गाडीची बॅटरी जोडली. झकास स्टार्ट झाला, आणि मग वीस मिनिटांत वाट लागली."

"पाटी नाही वाचली?"

"वाचली ना, सगळे हसले. पण पाणी काढायला सांगितलं कोणी तुम्हाला? काढलं नसतं तर हे झालंच नसतं ना!"

अकरा वर्षांचं सगळं गुणाजीच्या ओठांवर आलं. खोलीच्या दारातून बायको, मंजुळा, बघत होती. तिने 'नको' म्हणून मान हलवली.

"खोलून बघतो साहेब. अडकलेले पिस्टन सुटतीलही."

"सोडा हो. शूटिंगवाल्यांना नुसता दिसायला पाहिजे. रंग मारा."

त्याने रंग मारला. पुढच्या आठवड्यात हिरो सीटवर बसला. ट्रॅक्टर पुढे सरकलेला दिसायला हवा होता, म्हणून मागून चौघे वाकून ढकलायला, त्यांत गुणाजी.

"हा चालत नाही का?" कॅमेऱ्याजवळच्या पोरीने विचारलं.

"चालायचा," छत्रीखालून अनिरुद्ध म्हणाला. "आमच्या राखणदाराने घालवला."

गुणाजी ताठ उभा राहिला.

"काका, खाली वाका, फ्रेममध्ये दिसताय!" ती ओरडली.

तो वाकला आणि मडगार्डला खांदा लावला.