पेन्सिल नसलेली शीट

तिने तो कागद खिडकीशी नेला, उजेडाला तिरका धरला आणि एक डोळा बारीक करून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. हिरव्या शाईच्या टिका ओळीने उतरत गेल्या होत्या. एकशे बारा ओळी, एकशे बारा टिका. शाईखाली काहीच नव्हतं.

"मशीनचीच चूक असणार ना, मॅडम?" टेबलापलीकडून विद्यार्थिनीने विचारलं. "सातवा आहे तो. आपला नमुना."

"थांब जरा."

खोलीत खोकी छताला टेकायची तेवढी बाकी होती. बंद पडलेल्या एका ऑडिट फर्मने आपल्या जुन्या फायली विद्यापीठाला संशोधनासाठी दिल्या होत्या. कंपन्यांची नावं काळी करून आणि ऑडिटरांच्या सह्यांच्या जागी क्रमांक घालून. तिचा विषय होता न तपासता केलेल्या टिका. घोटाळे करतात ते दुसरेच, ऑडिटरचं पाप बारीक असतं. पाच वाजायला आलेले असतात, गोदाम लांब असतं, वरच्या साहेबाची घाई असते, आणि जे पाहिलं नाही त्याच्यापुढेही हात एक टिक करून मोकळा होतो. यावर आता जगभर प्रबंध लिहिले जात होते. कोणी ऑडिटरांच्या मुलाखती घेत, कोणी त्यांना मुद्दाम चुका पेरलेल्या फायली देऊन बघत, आणि अलीकडे तर लोक संगणकालाच शंका घ्यायला शिकवू लागले होते. माणसांना शिकवून झालं होतं, फारसा उपयोग झाला नव्हता.

संगणकाला खोटी टिक ओळखायला शिकवायची तर आधी खऱ्या टिका दाखवाव्या लागतात. त्या तिने सातव्या क्रमांकाच्या दाखवल्या, आणि आज संगणकाने खोटी म्हणून बाजूला काढलेली ही शीट सातव्याचीच होती. सातवा क्रमांक म्हणजे तिचे बाबा, अक्षर तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. घरचंच सोनं कसोटीचं म्हणून पुढे केलं असं कळलं असतं, तर लोक तोंडावर काही बोलले नसते, मागे मात्र हसले असते.

फर्ममध्ये बाबांना टिकोजीराव म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. त्यांचा नियम एकच, पेन्सिल जागेवर, शाई टेबलावर. गोदामात मालासमोर उभं राहून पेन्सिलीची बारीक टिक करायची. ऑफिसात येऊन बेरजा जुळल्या की तिच्यावरून हिरव्या शाईची. पेन्सिल खोडायची नाही. म्हणून त्यांच्या प्रत्येक शीटवर शाईच्या आत शिशाची चकाकी दिसे, आणि कोपऱ्यात धुळीने माखलेल्या अंगठ्याचा ठसा. हाताखालच्यांनी काहीही येऊन सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "डोळ्यांनी पाहिलंस?" घरीही तेच. दूध उतू गेलं म्हटलं तरी, "डोळ्यांनी पाहिलंस?"

या शीटवर शिसं नव्हतं आणि अंगठाही नव्हता. ती एखाद्या स्वच्छ टेबलावर, एका बैठकीत, एकाच पेनाने भरली गेली होती. तिने वरची तारीख वाचली. मग खुर्ची ओढून बसली.

त्या तारखेला ती नऊ वर्षांची होती. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर आई होती. सकाळपासून आई विचारत होती, "आले का गं?" बाबा लांबच्या गोदामात साखरेची पोती मोजायला गेलेत असं ऑफिसने फोनवर सांगितलं होतं, गोदामात फोन नव्हता. "मोजतायत, आई. येतील," ती म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा, "आले का गं?" अकरा वेळा. वय नऊ असलं तरी पोर ऑडिटरची. तिने मोजलं होतं. अकराव्या वेळेला आईच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. "मोजू दे," ती म्हणाली. "मध्येच हाक मारली की चुकतात ते." त्यानंतर तिने विचारलं नाही.

बाबा आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे तिला वाढवलं ते आत्याने, आणि आत्या मरेपर्यंत सख्ख्या भावाबद्दल एकच वाक्य बोलत राहिली: "बायको जात होती आणि हा पोती मोजत होता." बाबा खाली मान घालून जेवत राहायचे. एका शब्दाने कधी उलटून बोलले नाहीत.

विशीपर्यंत तिने त्यांचा मनापासून राग केला. मग त्या रागाचं काय करायचं हे तिला तिच्या धंद्याने शिकवलं. दरवर्षी पहिल्या तासाला ती नव्या मुलांना एका ऑडिटरची गोष्ट सांगायची, नाव न घेता. बायको शेवटच्या घटका मोजत असताना जो मोजणी सोडून उठला नाही, कारण त्या पोत्यांवर हजार लोकांचा भरवसा होता. वर्ग चिडीचूप व्हायचा. त्या शांततेवर तिने वीस वर्षं काढली होती. वडील प्रेमळ नसतील, पण खरे होते, एवढं तरी तिच्या वाट्याला आलं होतं.

तिने फाईल पुढे चाळली. मोजणीनंतर आठ महिन्यांनी गोदाम उघडलं, तेव्हा बाहेरच्या दोन रांगा सोडून आत सगळा भुसा निघाला होता. ऑडिटरच्या शीटप्रमाणे त्या तारखेला माल पूर्ण. म्हणजे चोरी नंतरची. म्हणजे किल्ली ज्याच्याकडे होती त्या स्टोअरकीपरची. त्याचं एक पत्र लावलेलं होतं, वहीच्या कागदावर. "ऑडिटरसाहेब त्या दिवशी आलेच नाहीत. मी दिवसभर किल्ली घेऊन वाट बघितली. माझं खोटं वाटत असेल तर साहेबांनाच विचारा." कोणीतरी विचारलं असावं. पत्राखाली बाबांच्या गोल अक्षरात एक ओळ होती, "मोजणी केली आहे," आणि त्यामागच्या पानावर स्टोअरकीपरला कामावरून काढून पोलिसांत दिल्याच्या आदेशाची प्रत.

"वगळू या का, मॅडम?" विद्यार्थिनी हळूच म्हणाली. "एका शीटपायी नमुना बिघडेल."

"वगळायचं नाही," ती म्हणाली. नोंदवहीत सही करून तिने शीट आणि ते पत्र पिशवीत घातलं.

ती घरी आली तेव्हा चार वाजले होते. बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ऐंशी उलटली होती, तरी हिरवं पेन सुटलं नव्हतं. वाचून झालेल्या बातमीपुढे टिक करायचे. मंत्र्यांच्या भाषणांपुढे टिका जवळजवळ नसायच्याच.

"लवकर आलीस?"

तिने शीट त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी वरचा क्रमांक पाहिला नाही, तारीख पाहिली नाही. कागद उचलला, उजेडाला तिरका धरला आणि एक डोळा बारीक केला. हे आपण कोणाकडून शिकलो ते तिला त्या क्षणी दिसलं.

"पेन्सिल नाहीये," ते म्हणाले. दुसऱ्या कोणाची चूक दाखवून द्यावी तसे.

"नाही."

"कोणी काढलं?"

"मशीनने. तुमच्याच शीटांवरून शिकलंय ते."

"चांगलं शिकलंय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला.

"तुम्ही गोदामात गेलाच नव्हतात, बाबा."

"नाही."

"मग कुठे होतात?"

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करायची खटपट करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"खाली," ते शेवटी म्हणाले.

"कुठे खाली?"

"हॉस्पिटलात. जिन्यापाशी बाकडं होतं बघ, औषधांच्या खिडकीसमोर. तिथे."

तिला बाकडं आठवत होतं. हिरव्या रंगाचं, एका पायाखाली वीट ठेवलेलं.

"गोदामालाच निघालो होतो गं. गाडीत बसलोसुद्धा होतो. मग उतरलो. म्हटलं, एकदा बघून जाऊ. तर जिन्यात डॉक्टर भेटले. म्हणाले, आजचा दिवस निघणं कठीण आहे, वर जाऊन बसा." त्यांचा अंगठा शीटच्या कडेवरून फिरत होता. "अठ्ठावीस पायऱ्या होत्या. मोजल्या मी. पाय उचलेना."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"आम्ही ऑफिसात फोन करत होतो, बाबा."

"माहीत आहे. तुझी आत्या फोन करायला खालीच यायची. ती आली की मी खांबाआड सरकायचो."

तिने पिशवीतून पत्र बाहेर काढलं.

"वरून रडणं ऐकू आलं तेव्हा उठलो," बाबा म्हणाले. "सगळे म्हणाले, कामावर होता. मी नाही म्हटलं नाही. बायको जाताना पोती मोजणाऱ्याला लोक दगड म्हणतात. म्हणू देत. जो खाली बसून राहिला, त्याला काय म्हणाले असते?" त्यांनी शीटच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "चार दिवसांनी कामावर गेलो, तर शीट मागितली. कंपनीच्या साठा-पुस्तकातले आकडे उतरवले. पेन्सिल उचलली होती. पेन्सिलीने खोटी टिक करवेना, म्हणून नुसती शाई."

"आणि स्टोअरकीपर?" तिने पत्र पुढे सरकवलं. "त्याने दिवसभर वाट बघितली तुमची."

बाबांनी पत्राला हात लावला नाही. त्यातलं त्यांना सगळं पाठ असावं.

"खरंच लिहिलं होतं त्याने. दोनदा त्याच्या गल्लीपर्यंत गेलो."

"आत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"सगळीकडे पायच कसे अडले हो तुमचे?" तिचा आवाज चढला, चिरकला. इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर ओरडली नव्हती. खऱ्या माणसावर ओरडायचं कशाला, असं वाटायचं. "तो माणूस तुरुंगात गेला, बाबा. साहेबांना विचारा म्हणाला तो. एवढा विश्वास होता त्याचा तुमच्यावर."

"हो."

"हो काय?"

"छाप हे," बाबा म्हणाले. "सातवा-बितवा नको. माझं नाव घालून छाप, आणि त्याचं पत्र आहे तसं छाप. मुलंबाळं असतील त्याची. त्यांना कळू दे बाप खरा होता म्हणून."

"छापणारच आहे," ती म्हणाली.

"छाप."

उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकून शीटच्या खालच्या ओळींवर आला, आणि तिथेही शाईखाली काही नव्हतं. बाबांनी शीटची नीट घडीवर घडी घातली, मग चूक लक्षात आल्यासारखं ती पुन्हा उलगडून सपाट केली. मूळ कागदाला घडी घालायची नसते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "बेचाळीस वर्षं विचारता आलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?"

ती समोर बसली.

"तू होतीस वर. तिने..." त्यांनी चष्मा सरळ केला. "तिने विचारलं का गं मला?"

उत्तर तिच्याजवळ तयार होतं. आकड्यासकट. कधीतरी हे त्यांच्या तोंडावर फेकायचं असं तिने नवव्या वर्षी ठरवलं होतं, आणि आज जिना चढतानाही तेच मनात घोळवत ती आली होती. अकरा वेळा, बाबा. तुम्ही अठ्ठावीस पायऱ्या खाली होतात आणि ती अकरा वेळा म्हणाली, आले का. तिने तोंड उघडलं. बाबांचा अंगठा कागदाची ती घडी मोडायला बघत होता, पुन्हा पुन्हा, आणि घडी मोडत नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून झोपेतच होती. कोणालाच ओळखत नव्हती ती."

बाबांनी मान वर केली. चेहरा खिडकीकडून तिच्याकडे वळवला, थोडा तिरका केला, आणि एक डोळा बारीक केला.

"डोळ्यांनी पाहिलंस?"

"हो," ती म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, पेन उचललं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात, जिथे काहीच छापलेलं नव्हतं तिथे, एक बारीक हिरवी टिक केली.