फटी नसलेली होडी

माझ्या बाबांनी केलेल्या कपाटाचं दार लावलं की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. आत्या म्हणायची, "याच्या कपाटात चुकून झुरळ अडकलं तर गुदमरून मरेल." बाबांना हे बोलणं फार आवडायचं. नवं गिऱ्हाईक आलं की ते आत्याला मुद्दाम हाक मारून विचारायचे, "अगं, ते झुरळाचं काय म्हणत होतीस?"

आमच्या घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे त्यांचा कारखाना. मधे एक पडदा, आणि पडद्याच्या मागे आम्ही चौघं. भाजीत भुसा, अंथरुणात भुसा, माझ्या वेणीत भुसा. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि त्या कारखान्यात मला एक पक्कं काम होतं. जुन्या वहीच्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या आणि बाबांनी जोडलेल्या प्रत्येक सांध्यात घालून बघायच्या.

"कागद जाईल तिथे मला हाक मार," बाबा म्हणायचे. "आणि मला बरं वाटावं म्हणून गप्प बसू नकोस."

मी सहसा गप्पच असायची, कारण कागद कुठे जायचाच नाही. एकदाच गेला. एका लग्नाच्या कपाटाचं दार होतं, खालच्या कोपऱ्यात नखभर कागद शिरला. मी हाक मारली. बाबांनी वाकून पाहिलं, हातोडा घेतला आणि ते दार दोन घावांत फोडलं. नंतर दोन दिवस ते जेवले नाहीत. नवं दार झालं, लग्न पार पडलं, पण त्या दोन दिवसांत घरात भांड्याचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून आई कशी जपून वावरत होती, ते मी विसरले नाही.

होडीचं खूळ निघालं ते आईच्या नोकरीवरून. नदीपलीकडच्या दवाखान्यात ती चादरी आणि पडदे शिवायला जायची. पूल पार लांब, त्यामुळे जाणं-येणं नावाड्याच्या नावेतून. नाव भरल्याशिवाय नावाडी हलत नसे. त्या वर्षी आई तीनदा उशिरा पोचली आणि दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी सांगितलं की चौथ्यांदा उशीर झाला तर येऊच नका.

बाबा तडक घाटावर गेले. मी मागोमाग. नावाडी आणि बाबा शाळेत एका वर्गातले, त्यामुळे त्यांच्यात मान-पानाचा प्रश्नच नव्हता.

"माझ्या बायकोची नोकरी जाईल तुझ्यापायी," बाबा म्हणाले.

"मग मी काय करू? एकटीसाठी नाव सोडू?" नावाडी पाय पाण्यात सोडून विडी ओढत होता. "एवढी घाई असेल तर तिला तुझ्या एखाद्या कपाटात बसव आणि दे सोडून."

नावेत बसलेली माणसं हसली. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

"सोडतो," ते म्हणाले. "बघच तू."

त्याच दुपारी त्यांनी कारखान्याची फरशी झाडून घेतली आणि खडूने होडी काढली. खरी, पुऱ्या मापाची. पुढे निमुळती, मागे सपाट, दोन माणसं आणि एक मूल बसेल एवढी. महिनाभर आम्ही त्या खडूच्या रेघा ओलांडत स्वयंपाकघरात जात होतो. आत्या तर मुद्दाम होडीच्या मधोमध उभी राहून म्हणायची, "अरे, मला पलीकडे सोड रे, पाय दुखतात माझे." बाबांनी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून एक छोटी होडी कापली, ती बादलीत तरंगवून पाहिली, आत खिळे ठेवून ती किती बुडते ते पाहिलं. इतके आनंदात ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत. रंधा मारताना ते शीळ घालायचे.

तळासाठी त्यांनी माळ्यावरच्या फळ्या काढल्या. चुलीच्या वर तीन वर्षं वाळलेल्या. बोटाने टिचकी मारली तर खणखणायच्या. अशा सहा लांब फळ्या त्यांनी एकमेकींना भिडवल्या, शिकंजे आवळले, वरून आडव्या बरगड्या स्क्रूंनी घट्ट बसवल्या. मी पट्टी घेऊन सांध्यांवरून फिरले. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत कागद कुठेही गेला नाही.

एक दिवस नावाडी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. उलट्या ठेवलेल्या होडीवरून त्याने लांबूनच नजर फिरवली.

"फट कुठे ठेवलीस?" त्याने विचारलं.

"फट?" बाबा म्हणाले. "ये, शोध. सापडली तर ही होडी तुझी."

"अरे, थट्टा नाही करत. लाकूड पाणी पितं, फुगतं. फुगायला खिळ्याएवढी जागा सोडावी लागते दोन फळ्यांत. तिथे सुतळी ठोकायची, वर डांबर."

"म्हणजे आधी भोक ठेवायचं आणि मग बुजवायचं?"

"हो."

"तुझी नाव म्हणूनच गळते. पोरीला विचार, माझ्या कामात कागद जातो का."

नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या ऐटीत मान हलवली. नाही जात.

"तुझ्या कपाटात पाणी नसतं रे," तो म्हणाला. बाबांनी रंधा मारायला सुरुवात केली होती, तेव्हा तो निघून गेला.

निळा रंग दिला, आणि एका सोमवारी सहा जणांनी ती उचलून घाटाच्या बाजूच्या डोहात नेली. दोराने बांधून ठेवली. बाबा म्हणाले, आठवडाभर पाण्यात राहू दे, गळते का बघू, आणि पुढच्या सोमवारी आई तिच्यातून कामाला जाईल. सगळी आळी बघायला आली. तळाला थेंब नव्हता. लोकांनी तिचं नाव कपाट ठेवलं, पण आता त्या नावात टिंगल नव्हती. बाबा रोज संध्याकाळी तिच्यात उतरून तळावरून कोरडा हात फिरवायचे आणि तो हात काठावरच्यांना दाखवायचे.

शाळा सुटली की मी होडीत जाऊन झोपायची. तिसऱ्या दिवशी दुपारी कान फळीला लावून पडले होते, तेव्हा आवाज आला. टक्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, पायापाशी. टक्.

मी घरी जाऊन सांगितलं, "बाबा, होडी बोलते."

"नवं लाकूड बोलतंच," ते म्हणाले. "कपाटंही बोलतात पहिल्या पावसाळ्यात. अंग सैल करतं ते."

पण ती अंग सैल करत नव्हती. चौथ्या दिवशी स्क्रूंच्या डोक्यांवरचा निळा रंग बारीक तडकलेला दिसला. पाचव्या दिवशी बाजूची फळी खालून किंचित बाहेर आल्यासारखी वाटली, कुणी पोट फुगवून बसल्यासारखी. आवाज आता मोजायलाही वेळ मिळू नये इतके जवळजवळ यायचे. तळ मात्र कोरडाच.

रविवारी दुपारी मी पट्टी घेऊन गेले. का, ते सांगता येत नाही. हाताला सवय होती. सगळे सांधे पाहिले. एकातही कागद गेला नाही, उलट पूर्वीपेक्षा घट्ट. मग मधल्या बरगडीवर, आईच्या बसायच्या फळीच्या बरोबर खाली, मला एक केसासारखी रेघ दिसली. सांधा नव्हता तो. अख्खं लाकूड होतं. मी त्या रेघेवर पट्टी टेकवली आणि अंगठ्याने दाबली, आणि कागद आत गेला. निम्मा गेला.

बाबा काठावर वल्ह्यांना तेल लावत होते. शीळ घालत होते. मला हाक मारायला फक्त तोंड उघडायचं होतं. मला ते फोडलेलं दार दिसलं, ते दोन दिवस दिसले, आणि उद्याचा सोमवार. मी पट्टी मुठीत चुरगाळली आणि घरी पळाले.

आई कपडे घडी करत होती. मी तिच्या कानात सांगितलं.

"किती गेला?"

"निम्मा."

ती हातातला सदरा तसाच धरून बसली. मग म्हणाली, "कुणाला बोललीस?" मी नाही म्हटलं. "बोलू नकोस."

बाबा आल्यावर तिने चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, अजून चार दिवस पाण्यात राहू दिली तर?"

बाबांनी कप खाली ठेवला. "तूसुद्धा?"

एवढंच म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडला. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं, ती माझी बसायची फळी तेवढी सुटी कराल का? गुडघे दुखतात. कधी पुढे सरकवेन, कधी मागे."

"सुटी? माझ्या हातून आजवर सुटी वस्तू गेलेली नाही."

"मग ही पहिली."

आत्या पडद्याआडून म्हणाली, "कर की रे, बायकोसाठी एवढंही नाही का होत?" बाबा हसले, स्क्रूड्रायव्हर घेऊन नदीवर गेले आणि चार स्क्रू काढून आले.

सोमवारी सकाळी घाटावर गर्दी होती. नावाड्याची नाव पलीकडे जायला भरत होती. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी आईला हात देऊन बसवलं आणि मला म्हणाले, "चल गं, उडी मार. तू नाहीस तर पहिली खेप कसली?" हे त्यांनी खडूची होडी काढली त्या दिवशीच कबूल केलं होतं.

"तिला खोकला आहे," आई म्हणाली. "वारं लागेल."

मला खोकला नव्हता. आईने आत्याकडे अशा नजरेने पाहिलं की आत्याने माझं मनगट धरलं आणि नंतर तासभर सोडलं नाही. बाबा जरा हिरमुसले. "येताना बसवतो तुला," ते म्हणाले, आणि वल्ही पाण्यात घातली.

होडी छान चालली. सरळ, हलकी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नावाडी आपल्या नावेत उभा राहून बघत होता, त्याने विडी पेटवली नव्हती. मधोमध धार जिथे ओढ घेते तिथे बाबांनी जोर लावला, पाय बरगडीला रेटला, आणि आवाज काठापर्यंत आला. एकच. जाड काठी गुडघ्यावर मोडावी तसा.

बाबांनी खाली पाहिलं. तळाच्या फळ्या मधून वर उचलल्या गेल्या आणि होडीत पाणी आलं, थेंब नाही, एकदम गुडघाभर. मी पाहिलं, त्यांनी आईच्या खालची फळी उपसली, ती तिच्या छातीशी दिली आणि तिला फळीसकट पाण्यात ढकललं. आईला पोहता येत नव्हतं. बाबांना उत्तम येत होतं.

नावाड्याने तोवर दोर तोडला होता. त्याच्या नावेतली माणसं किंचाळत होती, तरी तो वल्हवत सुटला. त्याने आईला केसांना धरून वर घेतलं. बाबा तिथून चार हातांवर होते. त्यांनी फक्त त्याच्याकडे यायचं होतं. पण होडी धारेला लागली होती, आणि ते तिच्यामागे गेले. तिची नाळ दोन्ही हातांनी धरली.

"सोड!" नावाडी ओरडला. "अरे सोड तिला, पुढे बंधारा आहे! सोड, दुसरी करू आपण!"

निळी नाळ आणि धुतलेला सदरा वळणापर्यंत दिसत होते.

ते दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी सापडले.

आईची नोकरी टिकली. पुढे तेवीस वर्षं ती नावाड्याच्या नावेतूनच गेली, आणि ती आल्याशिवाय नाव कधी सुटली नाही, भरलेली असली तरी. ती सुटी फळी आमच्या घरात दाराशी पडून असायची, तिच्यावर आम्ही चपला ठेवायचो. त्या पट्टीबद्दल आई आयुष्यात एकदाच बोलली. खूप म्हातारी झाली होती, मी तिचे पाय चेपत होते.

"मला वाटलं, एक खेप निघेल," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत एक खेप होऊ द्यावी, मग घरी आल्यावर हळूच सांगावं."

मी पाय चेपत राहिले. मलाही तेच वाटलं होतं.

बाबा गेल्यानंतर आठवड्याने नावाडी आमच्या दारात आला होता. या वेळी आत आला. खांद्यावर होडीच्या तळाचा तुकडा होता, तीन फळ्या, माझ्या उंचीच्या. बरगड्या मोडून गेल्या होत्या, स्क्रूंच्या जागी फाटलेली भोकं होती, एका टोकाचा निळा रंग दगडांनी खरवडला होता. तीन फळ्या मात्र एक होऊन आल्या होत्या. त्याने तुकडा फरशीवर ठेवला. तिथे खडूची एक रेघ अजून पुसायची राहिली होती.

मी वहीचं पान फाडलं. पट्टी केली आणि पहिल्या सांध्यावर टेकवली. अंगठ्याने दाबली. मग दुसऱ्या सांध्यावर.

"जातो?" नावाड्याने विचारलं.

पट्टी आत न जाता सांध्यावरच दुमडली.