बांधावरचा डाग

नगरला माझा स्टुडिओ होता आणि स्टुडिओत तळ्याचा रंगवलेला पडदा होता. नवरा-नवरी, मॅट्रिकची पोरं, सगळी त्या तळ्यापुढे बसून फोटो काढून जायची. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात साळूबाई आली ती मात्र भलतंच मागत.

"माझ्या रानाचा फोटू काढून द्या, भाऊ. धरनाचं पानी यायच्या आत."

"मावशी, तुम्ही मध्ये उभ्या राहा म्हणजे फोटो छान येईल."

"मी कशाला? मी हायेच की. रान ऱ्हानार न्हाई."

कॅमेरा आणि तिपाई घेऊन एसटीने गेलो. मुळेकाठी तिचं रान. मी आंब्याखालून कोन धरला, तर तिने मला तिथून उठवलं. "हितून काढा. समदा बांध आला पायजे." तीनदा जागा बदलायला लावली. मला फोटो शिकवते, म्हणून माझं डोकं फिरलं होतं.

खरं सांगायचं तर त्या रानात पाहण्यासारखं काय आहे, हेच मला कळत नव्हतं. वडील सरकारी कारकून. दर तीन वर्षांनी बदली, नेवासा काय नि अकोले काय. कुणी गाव विचारलं की मी त्यांच्या शेवटच्या बदलीचं नाव ठोकून द्यायचो. एका ठिकाणासाठी जीव तुटणं मला कधी जमलंच नाही.

रिटचिंगमध्ये मात्र माझा हात धरणारा नगरात कोणी नव्हता. देवीचे व्रण, वांग मी निगेटिव्हवर पेन्सिलीने भरून काढायचो, आणि पांढरे डाग बारीक पात्याने खरवडून घालवायचो. साळूबाईच्या फोटोत बांधावर एक पांढरा डाग होता. चुना फासलेला लहानसा धोंडा. तो डोळ्यांत खुपायला लागला. तासभर बसून मी तो खरवडून काढला. म्हातारी खूश होईल, असं वाटलं.

पोळ्यानंतर ती आली. रान पाण्याखाली गेलं होतं आणि ती केडगावला भावाकडे राहत होती. फोटो हातात घेऊन तिने उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला.

"भाऊ, धोंडा कुठं गेला?"

"डाग होता तो मावशी. मी काढून टाकला. बघा, कसा स्वच्छ आलाय."

ती खाली बसली. "माझी चांगुणा हुती तिथं. सव्वा महिन्याची. लहान लेकराला जाळत न्हाईत, तिला बांधाला पुरली. दर दिवाळीला चुना लावायचे मी धोंड्याला. तेवढ्यासाठीच तर फोटू काढाया लावला."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आधी का नाही सांगितलंत, असं विचारावंसं वाटलं. पण परक्या माणसाला कोण सांगेल?

तिनेच डोळे पुसले. "पांढरं लावून द्या की तिथं. तुमाला येतंय की."

मी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला. "दाखवा मावशी, कुठे ठेवू?"

तिने बांधावर बोट ठेवलं. उचललं. जरा अलीकडे ठेवलं. पुन्हा उचललं. मी निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरली, तिरकी करून पाहिली. ओरखडासुद्धा दिसेना, इतका माझा हात सफाईचा. धोंडा घालवताना तासभर मी त्याच्याकडेच पाहत होतो, पण तो नेमका कुठे होता ते मलाही सांगता येईना.

तिचं बोट बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"मलाबी घावंना आता," ती म्हणाली.

ब्रशवरचा रंग वाळून गेला.